उमाआक्कांचा खुबा आणि सेलूची गिरणी

सेलूत कुणाचं हाड मोडलं की ते जोडायला अख्खी गल्ली निघते. ताप आला तर लोक निदान डॉक्टरचं नाव तरी विचारतात. हाडाच्या बाबतीत मात्र प्रत्येकजण जन्मतःच तज्ज्ञ. शिवाय प्रत्येकाकडे एक आत्या असते, जिचं अगदी असंच मोडलं होतं आणि जी त्यातच गेली.

उमाआक्कांचा खुबा मोडला तेव्हा अशा किती आत्या त्यांच्या पलंगाभोवती जमल्या, काही विचारू नका.

उमाआक्का म्हणजे आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर त्यांनी चक्की हातात घेतली ती घेतलीच. डबे उचलून वर ओतणं, पट्टा चढवणं, दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला टाकी मारणं, सगळं स्वतः. बाहेर आलेलं पीठ चिमटीत धरून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ज्वारी वल्ली हाय. वाळवून आणा." मग समोर कुणी का असेना, डबा परत. अंगावर कायम पिठाचा थर. त्यामुळे त्यांचे केस नेमके कधी पांढरे झाले, हे गावाला कळलंच नाही.

एका सकाळी गिरणीच्या पायरीवरून त्या घसरल्या आणि उठता येईना. परभणीला नेलं. धम्मानंद डॉक्टरांनी आत सळई घालून स्क्रू मारले आणि दुसऱ्याच दिवशी पलंगापाशी वॉकर आणून ठेवला.

"उठा, आक्का."

"आज? अवो, हाड जुडू तर द्या!"

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. "ते आपोआप जुडत नाही, तुम्ही जुडवायचं असतं. मोडलं तिथं आधी रक्ताची गाठ धरते. मग नाकाच्या शेंड्यासारखी मऊ कूर्चा येते. मग ती हळूहळू कडक होते आणि हाड होतं."

"म्हंजे आधी कच्चा पाक, मग एकतारी, मग गोळीबंद."

डॉक्टर हसले. "बरोबर. आणि खुब्याचं हाड आतून असतं अनारशासारखं, जाळीदार. जिकडून वजन येतं तिकडच्या जाळीला ते आडवे-उभे टेकू लावत बसतं. वजनच आलं नाही तर म्हणतं, कुणासाठी लावू? मग जाळी विरते. तुम्ही इतकी वर्षं डबे उचलले, ते तुमच्या हाडानं खाल्लंय. नुसतं झोपून राहिलात तर हेच हाड स्वतःला खाईल. आत सळई आहे, ती धरून ठेवते. उभ्या राहा."

उमाआक्का उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून शिवी आली, पण राहिल्या.

घरी आल्यावर मात्र प्रेम आडवं आलं. मुलगा शंभुराज, त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. सोन्यासारखा पोरगा, आणि दुखणं तेच होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. चमच्यानं सूप पाजणाऱ्याशी कसं भांडायचं? त्यात शेजारच्या सुलाबाई केळी घेऊन आल्या.

"शंभू, चालू देऊ नको बाबा तिला. आमच्या सासूबाई अशाच चालल्या. आत खिळा सरकला. दिवाळी न्हाई बघितली त्यायनी."

"तुज्या सासूनं दिवाळी न्हाई बघितली, कारण तिला मोतीबिंदू होता," पलंगावरून आवाज आला.

सुलाबाईंनी मनाला लावून घेतलं नाही, पण शंभुराजनं घेतलं. त्यानं वॉकर माळ्यावर टाकला. शिवाय खाणाखुणा करून बायकोला, महेश्वरीला, बजावलं, की आईला पाणीसुद्धा जागेवर द्यायचं. मग त्याच्या डोक्यात प्रेमाची पुढची पायरी आली. आईला आता गिरणी कशाला? पाथरीच्या दत्तरावांना चक्की हवीच होती. सोमवारी ते बघायला येणार होते.

हे उमाआक्कांना महेश्वरीकडून कळलं. सकाळची इष्टलिंगाची पूजा पलंगावरच आटोपून त्यांनी तळहातावरचं इष्टलिंग गळ्यातल्या करंड्यात ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं. भिंतीपलीकडं गिरणी होती. बंद.

"महेश्वरी, गिरणी गेली तर मी बरी होऊन जायचं कुठं?"

महेश्वरी पांघरुणाची घडी घालू लागली.

"न्हाई, सांग की. चालायला शिकायचं ते पलंगापासून मोरीपर्यंत जायला? त्याच्यासाठी माझं हाड कशाला मेहनत घेईल? हाड असलं म्हणून काय झालं, त्याला काय अक्कल न्हाई?"

दुपारी शंभुराज दुकानात गेल्यावर महेश्वरी स्टूल लावून माळ्यावर चढली. त्या दिवसापासून रोज दुपारी दाराला कडी लागायची आणि आत ठक-ठक सुरू व्हायचं. सुलाबाईंना वाटलं, सुनेनं नवा पलंग करायला सुतार बोलावलाय.

"दुखायलंय का, आत्याबाई?" आत महेश्वरी सासूला विचारायची.

"दुखायलंय म्हंजे पाय अजून माझाच हाय. सर बाजूला. धरू नको. पडायले म्हणल्यावर धर."

सोमवारी दत्तराव आले. शंभुराजनं गिरणी उघडून दाखवली. दत्तरावांनी दगड बघितला, पट्टा ओढून बघितला आणि मान हलवली. "माल चांगलाय. आक्काची चक्की म्हंजे बघायलाच नको. कशी हायती आक्का?"

"अंथरुणालाच हायत बगा," शंभुराज म्हणाला. "उठणं काय व्हायचं न्हाई आता."

मागच्या दारात ठक झालं.

उमाआक्का वॉकर धरून उभ्या होत्या, पदर खोचलेला, कपाळावर विभूती आणि घाम. मागं महेश्वरी, हात पुढं करून, पण न धरता. शंभुराज धावला.

"आई! कुणी उठिवलं तुला?"

"बापानं उठिवलं तुज्या. हो बाजूला." त्यांनी भिंतीपर्यंत जाऊन खटका दाबला. इतके दिवस मुकी पडलेली चक्की घरघरली. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावली.

"दत्तराव, आलाव तर रिकाम्या हातानं उभं राहू नका. तो कोपऱ्यातला दाण्याचा डबा उचला न् ओता वर. मला डॉक्टरनं वजन उचलायचं न्हाई सांगितलंय. चालायचं न्हाई असं कुणीच सांगितलं न्हाई, आमचं चिरंजीव सोडून."

पाथरीचे प्रतिष्ठित दत्तराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यांनी निमूट डबा उचलून ओतला. पीठ पडायला लागलं. आक्कांनी चिमूट घेतली, डोळे मिटले. "जाडं पडायलंय. टाकी मारावी लागल."

दत्तरावांनी शर्ट झटकला. "शंभुराज, मालकिणीनं गिरणी विकायला काढली न्हाई वाटतं?"

"न्हाई," मालकीणच म्हणाली. "चहा घेऊन जावा."

ते चहा घेऊन, हसत गेले. शंभुराज मात्र रडवेला झाला. "आई, परत पडलीस तर? मी काय करू सांग!"

त्याचा आवाज ऐकून आक्कांनी चक्की बंद केली. "पडले तर पडले, शंभू. मोडलं तर मोडलं, डॉक्टर हायती. पण पलंगावर पडून पडून मी मोडले तर ते कुणाला जोडता यायचं न्हाई. तुला आई पायजे ना? मग ही अशी हाय. सूप पिणारी दुसरी बघ."

शंभुराजनं नाक पुसलं. बाहेर डबे घेऊन तीन-चार बाया येऊन उभ्याच राहिल्या होत्या. त्यानं पहिलीच्या हातातला डबा घेतला.

"गहू हाय का ज्वारी?" त्यानं विचारलं.

"हात घालून बघ," आक्का म्हणाल्या, आणि खटका पुन्हा दाबला.