बाभळीची डहाळी

देवासला मुलाच्या घरामागे बाभूळ आहे. ती फुलली की मी खिडकी लावून घेते. तो वास आला की मी पुन्हा नऊ वर्षांची होते आणि धारच्या ख्रिस्ती कब्रस्तानात उभी राहते.

बाबांची मूठमाती होती. ते डॉक्टर होते आणि दर महिन्याला महूच्या फ्रीमेसन लॉजमध्ये, त्या गुप्त मंडळाच्या बैठकीला, जात. लोक त्याला जादूघर म्हणत. तिथे जिवंत माणसाला शवपेटीत निजवतात, असं आमची मोलकरीण सांगे. पाळकसाहेबांनी आईला बजावलं होतं, "त्या लोकांचे विधी ख्रिस्ताच्या माणसाच्या कबरीवर चालायचे नाहीत."

म्हणून लॉजमधून आलेले चौघे फाटकाबाहेरच थांबले. भर उन्हात पांढरे हातमोजे घातलेले. ते बाबांना न्यायला आलेत, अशी मला भीती वाटली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या पारशाने मला बोलावून बाभळीची डहाळी दिली. "बेटी, हमको अंदर मना है. तू डाल दे पापा के पास."

मी ती मुठीत आवळली. काटे रुतले. माती टाकली, पण डहाळी टाकली नाही. टाकली तर बाबांना स्वर्ग मिळणार नाही, असं वाटलं. घरी येऊन ती मी चुलीत घातली.

आत्म्याला मरण नाही, याची ती डहाळी ही त्यांच्यातली खूण, हे फार उशिरा कळलं. पाळकसाहेबही त्या दिवशी तेच वाचत होते.

मी फाटकातून बाहेर पडताना त्या म्हाताऱ्याने हातमोजे काढून मला हात जोडले होते. त्याला वाटलं, मी टाकली.