तिसऱ्या स्तरातलं सलून

दुसरी लाट ओसरली तेव्हा सरकारनं पाच स्तर केले. तपासलेल्या लोकांत करोना किती जणांना निघतो आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत, यावर स्तर ठरायचा. पहिल्या स्तरात जवळजवळ सगळं उघडं, पाचव्यात जवळजवळ सगळं बंद, आणि दर आठवड्याला फेरविचार. आमच्याकडे शहर वेगळं धरलं आणि ग्रामीण भाग वेगळा. शहर पहिल्या स्तरात बसलं, ग्रामीण भाग तिसऱ्यात. मी राहायला पहिल्या स्तरात होते आणि नोकरीला तिसऱ्यात. सकाळी डबा भरताना सासूबाई विचारायच्या, "आज आपण कितव्यात?" मी म्हणायचे, "तुम्ही पहिल्यात, मी संध्याकाळपर्यंत तिसऱ्यात." त्यांना वाटायचं, मला खालच्या वर्गात बसवलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा बंद होती आणि मुलं मोबाइलवर होती, म्हणजे मोबाइल वडिलांकडे असल्यामुळं शेतावर होती. अशात तहसीलमधून आदेश आला की शाळेच्या गावात रोज दुपारी चार वाजता दुकानं बंद करून घ्यायची. पथकात तिघं. एक मी, दुसरा कन्नडकडचा तरुण ग्रामसेवक आणि तिसरे निवृत्तीला टेकलेले होमगार्ड काका. काकांकडे शिट्टी होती, ग्रामसेवकाकडे मोटारसायकल होती आणि माझ्याकडे आदेशाची झेरॉक्स.

आमचं गाव पैठण रस्त्याच्या बाजूला, शहराला चिकटून आहे. गावाच्या शेवटी एक रस्ता आडवा जातो. अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे महानगरपालिका, असं सगळेच धरून चालायचे. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन सलून होती. अलीकडचं चारला बंद व्हायचं आणि पलीकडचं दिवे लागले तरी चालू असायचं. काका पहिल्याच दिवशी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, हितं उभं राहिलं तर माझा स्तर कोणता धरायचा?"

अलीकडचा सलूनवाला माझा जुना विद्यार्थी निघाला. चौथीपर्यंत माझ्याकडे होता. वाचायला उभं केलं की पुस्तकाआड तोंड लपवायचा, आणि अपूर्णांक सुरू झाले की त्याच्या पोटात दुखायचं. आता तिशीला आलेला, दोन मुलींचा बाप. आम्ही आत शिरलो तसा त्यानं वस्तरा खाली ठेवला, गिऱ्हाईक तसंच सोडून सरळ उभा राहिला आणि वर्गात म्हणायचा तसं लांबवून म्हणाला, "नमस्ते बाई." गिऱ्हाइकालाही काही कळेना, तोही फेसासकट उठून उभा राहिला. पुरुषांच्या सलूनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. माझ्याकडे एवढ्या अदबीनं कुणी बघेल असं वाटलं नव्हतं.

"बाई, हे तुमी वाचलंय का?" त्यानं मोबाइल पुढं केला आणि आदेश वाचून दाखवला. "केशकर्तनालये पन्नास टक्के क्षमतेने, पूर्वनियोजित वेळ घेऊन." एकाही शब्दाला अडखळला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझ्याकडं खुर्ची एकच हाय," तो म्हणाला. "एका खुर्चीचे पन्नास टक्के किती?"

"अर्धी," ग्रामसेवक म्हणाला.

"मंग अर्ध्या खुर्चीवर माणूस बसवू कसा?"

मी तहसीलला फोन लावला. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वरून मार्गदर्शन मागवतो म्हणाला. ते मार्गदर्शन अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दुकानात लोखंडी खुर्चीशेजारी एक लाल प्लास्टिकची खुर्ची. तिच्या पाठीवर कागद चिकटवलेला : "ही खुर्ची रिकामी राहील. आदेशावरून."

"आता खुर्च्या दोन," तो म्हणाला. "दोनाचे पन्नास टक्के म्हंजे एक. बरोबर हाय का, बाई?"

हेच गणित मी त्याला महिनाभर भाकरीचे तुकडे करून शिकवलं होतं. बरोबर आहे म्हणाले. लाल पेन जवळ असतं तर कागदावर खूणच केली असती. पूर्वनियोजित वेळेसाठीही त्यानं एक वही घातली होती. काकांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि मिटून ठेवली. "सगळ्यांनी वेळ 'आत्ता' लिवलीय," ते म्हणाले.

पलीकडच्या सलूनवाल्याशी त्याचं बोलणं नव्हतं. ते चाचा म्हणजे याचे उस्ताद. त्यांच्या हाताखाली कात्री धरायला शिकला आणि बरोबर समोर दुकान टाकलं, म्हणून सहा-सात वर्षं दोघं एकमेकांच्या दुकानाकडे पाठ करून झाडून काढायचे. आता चारनंतर याची सगळी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून चाचांकडे जायची. हा बंद शटरसमोर बसून ते बघत राहायचा. मला वाईट वाटायचं, पण आदेश आदेश होता.

एका दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो, तर खुर्चीत एक म्हातारबाबा. धनगर होते, मेंढरं घेऊन फिरणारे. वर्षभराची दाढी. त्यातली उजवी बाजू साफ झालेली आणि डावी छातीपर्यंत तशीच. तेवढ्यात ग्रामसेवकाचा फोन वाजला. उपविभागीय अधिकारी मॅडम पाहणीला निघाल्या होत्या आणि दहा मिनिटांत आमच्याकडे पोचणार होत्या.

काकांनी सवयीनं शिट्टी फुंकली. "चार वाजत आले. दुकान बंद."

म्हातारबाबांनी अर्धं तोंड आमच्याकडे वळवलं. "असा जाऊ का मी?"

"उद्या या ना, बाबा," ग्रामसेवक म्हणाला.

"उद्या नातीचं लगीन हाय. पन्नास माणसांची यादी केलीय, त्यात माझं नाव लई भांडून बसवलंय. नवऱ्याचा मावसा वाटच बघतोय, मी गळतो कधी ते. असा गेलो तर दारातूनच माघारी लावतील."

मी घड्याळ बघितलं. नियम मोडला तर माझ्या विद्यार्थ्याचं दुकान सील होणार, आणि पाळला तर एक आजोबा अर्ध्या दाढीनं नातीच्या लग्नात उभे राहणार. सगळे माझ्याकडे बघत होते. चौथीच्या वर्गात भांडण झालं की मुलं बघायची तसं.

"पलीकडे पहिला स्तर आहे," मी म्हणाले. "पलीकडे न्या."

लोखंडी खुर्ची जमिनीला ठोकलेली. बाबांचे गुडघे धरलेले, चटकन चालवेना. मग त्यांना लाल खुर्चीत बसवलं आणि माझा विद्यार्थी आणि ग्रामसेवक खुर्ची उचलून निघाले. काकांनी पुढं होऊन शिट्टी वाजवली आणि दोन्हीकडची वाहनं थांबवली. मी मागून फेसाची वाटी आणि ब्रश घेऊन. पैठणहून आलेली एसटी आमच्यासाठी थांबली होती आणि तिच्या खिडक्यांतून लोक हात जोडत होते. बहुतेक त्यांना काहीतरी धार्मिक वाटलं.

चाचा दारात आले. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा त्यांचा शागीर्द त्यांच्या पायरीपाशी उभा होता.

"चाचा, पाच मिनटं छपराखाली बसू द्या," तो खाली बघत म्हणाला.

चाचांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग बाबांच्या दाढीकडे. "बैठ जा," ते म्हणाले. "लेकिन वस्तरा मेरा लेना. तेरा चलता नहीं, इधर से देखता मैं रोज."

उरलेली दाढी अर्धी उतरली असेल-नसेल, मॅडमची गाडी येऊन थांबली. तरुण होत्या, शांत होत्या आणि त्यामुळं जास्तच भीती वाटत होती. त्यांनी खुर्चीला वळसा घातला आणि पाठीवरचा कागद वाचला. "ही खुर्ची रिकामी राहील, आदेशावरून." मग खुर्चीतल्या बाबांकडे बघितलं.

"हे कोण?"

मी जे घडलं ते सांगितलं. सांगताना माझ्या हातात अजून ब्रश होता.

"आजोबा, तुम्ही शहरातले की गावातले?"

"मी मेंढरांमागं फिरतो, सायेब," बाबा फेसातून म्हणाले. "आज हितं, उद्या तिथं. मला स्तर नाय."

मॅडमनी मास्क वर ओढून घेतला. हसल्या असाव्यात, पण नक्की सांगता येणार नाही. मग त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं, "हद्द नेमकी कुठून जाते?"

ग्रामसेवकानं रस्त्याच्या या कडेकडे बोट दाखवलं, काकांनी त्या कडेकडे आणि मी मधोमध. मॅडमनी तिन्ही बोटं बघितली आणि तलाठ्याला फोन लावला. बाबांची दाढी मात्र पूर्ण झाली. आरशात बघून ते एवढंच म्हणाले, "हा तर माझा बाप दिसायलाय."

दुसऱ्या दिवशी तलाठी नकाशा घेऊन आले. घडीवर फाटलेला जुना नकाशा होता. त्यांनी तो चाचांच्या ओट्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून आम्ही चौघं चार कोपरे धरून उभे राहिलो. बराच वेळ बोट फिरवून ते म्हणाले, "हद्द रस्त्यावरून नाहीच. ती मागच्या नाल्यावरून जाते."

म्हणजे चाचांचं दुकानही गावातच होतं. सगळ्यांनी इतके दिवस रस्ता धरला, कारण रस्ता दिसत होता आणि नाला दिसत नव्हता. चाचांनी सावकाश वर बघितलं, माझ्याकडे.

"मॅडम, सब अच्छा चल रहा था ना?"

एका दाढीसाठी मी दुसरं दुकानही चारला बंद करवलं होतं. घरी येऊन सांगितलं तर नवरा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून चारला दोन्ही शटर खाली यायची. पहिले दोन दिवस दोघं आपापल्या ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी चाचा रस्ता ओलांडून आले आणि वस्तऱ्याला धार कशी लावायची यावरून शागिर्दाला चांगलं अर्धा तास झापलं. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. पुढच्या आठवड्यात बघते तर बंद शटरच्या बाहेर ओट्यावर शागीर्द बसलाय आणि चाचा त्याचे केस कापतायत. काकांनी शिट्टी तोंडाकडे नेली. मी त्यांचा हात धरला.

"दुकान बंद आहे, काका."

"ओट्याचं काय?"

"आदेशात ओट्याबद्दल काही नाही."

काकांनी जरा विचार केला, शिट्टी खिशात घातली आणि विचारलं, "मंग माझा नंबर लागंल का?"

थोड्याच दिवसांत विषाणूचा नवा प्रकार आल्याची बातमी आली आणि सरकारनं ठरवलं की पहिल्या-दुसऱ्या स्तरात कुणालाच ठेवायचं नाही, सगळे निदान तिसऱ्यात. शहरही चारला बंद व्हायला लागलं. चाचांना मनापासून आनंद झाला. "अब बराबर हुआ," ते म्हणाले.

आमच्या घरी मात्र पंचाईत झाली. नवरा चिकलठाण्याच्या कंपनीतून सुटायचा तोवर सगळी सलून बंद, रविवारी तर उघडायचीच नाहीत, आणि केस कानांवर आलेले. मी त्याला रविवारी घरातच स्टुलावर बसवलं. एवढे दिवस जवळून बघितलं होतं, जमेल असं वाटलं. डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी घेतली, उजवी जास्त गेली म्हणून पुन्हा डावी. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "आता राहू दे." तो पंधरा दिवस टोपी घालून कामावर गेला.

केस जरा वाढल्यावर त्याला रजा काढायला लावून मी माझ्या विद्यार्थ्याकडे नेलं, वेळ आधी घेऊन. त्यानं नवऱ्याची टोपी काढली आणि फणीनं दोन्ही बाजू वर करून बघितल्या.

"बाई, हे कुणी कापलं?"

"मी," मी म्हणाले.

त्यानं फणी पाण्यात बुडवली. "काय हरकत नाय, बाई," तो म्हणाला. "पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं."