आंब्याच्या टोकातली माती

अक्कलकोट रस्त्याला आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथला पोहण्याचा तलाव सासऱ्यांच्या हौसेपायी आंब्याच्या आकाराचा बांधलाय. तो घासूनपुसून ठेवणारे मामा दुधनीकडचे. त्यांना काहीही विचारलं की आधी "बघू की" म्हणतात आणि खरंच बराच वेळ बघत बसतात.

तलाव साफ करणारा रोबो घ्यायचं ठरलं, तेव्हा विक्रेता दोन रोबो दाखवायला घेऊन आला. मी निवड मामांवर सोपवली आणि लगेच ओशाळलो, कारण काम त्यांचंच जाणार होतं. मामांनी मूठभर माती आंब्याच्या निमुळत्या टोकात टाकली.

"आता सोडा."

महागडा रोबो टोकात न शिरताच माघारी फिरला. विक्रेत्याने मोबाइल पुढे केला. "बघा, सगळा तलाव साफ झाला."

"फोनमदी झाला," मामा म्हणाले, "पर माती हितंच हाय की."

दुसऱ्या, स्वस्तातल्या रोबोला ते शेळीला बोलवावं तसं कानडीत "बा, बा" म्हणत राहिले. तो टोकात शिरला, तीनदा अडखळला आणि माती गिळून बाहेर आला.

"ह्यो घ्या."

मी हळूच विचारलं, "मामा, मग तुमचं काय?"

"माज्या गुडघ्यांची सुटका झाली की! बघायला झाडं हायती, पाण्याच्या मोटारी हायती."

दुसऱ्या दिवशी मामा पाण्यात पाय सोडून काठावर बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. रोबो समोरून गेला, तसे ते खेकसले, "आरं, तितं ऱ्हायलं की!"