न गिळलेल्या गोळ्यांची साक्ष

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? ठाऊक नाही. ऐका.

एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत मी शिरूरला मुख्याध्यापक होतो. छाती एकाएकी अशी धावू लागे की नाडी मोजता येत नसे. डॉक्टरांनी क्विनिडीनच्या गोळ्या दिल्या. हृदयाची अशी धाव आवरायला त्या काळी तेच औषध होते. गोळी जहरासारखी कडू — आणि त्याहून वाईट म्हणजे कानांत शिट्टी व सारखे जुलाब. एकदा भूमितीचे प्रमेय अर्धवट टाकून मला वर्गाबाहेर धावावे लागले. मुले हसली. माझ्या वर्गात! उरलेल्या गोळ्या मी मोरीत सोडल्या.

छातीचे धावणे पुढे आपोआप थांबले. इथवर अपराध कोणता? फार तर हट्ट.

पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत, आजारातून उठलेला माणूस देवळातल्या उपासनेत उभा राहून साक्ष देतो — आपण कसे बरे झालो ते सर्वांसमोर सांगतो. माझे नाव पुकारले गेले. पुढच्या बाकावर डॉक्टर, प्रसन्न मुद्रेने. मी उभा राहिलो आणि — देवाचे व गोळ्यांचे आभार मानले. देवळात, मोठ्या आवाजात. साक्ष उत्तम झाली, असे सर्वांचे मत पडले.

मग डॉक्टरांनी मांडवगणच्या एका आबांना माझ्याकडे धाडले. दुखणे तेच, परंतु जास्त जोराचे; औषध सोडले तर जीव जाईल, असे बजावूनही आबा गोळ्यांना विटले होते. खरे सांगण्याची हीच वेळ नव्हती काय?

"गुरुजी, तुमच्याबी कानात असंच घुमायचं?"

"घुमायचे."

"आन् पोटाचं?"

"शिस्तीने सोसावे, आबा."

आबांनी सोसले. टमरेल घेऊन उसाकडे धावत, महिनोन् महिने — मी न सोसलेले सगळे. नाडी ताळ्यावर आली. पुढे कितीतरी वर्षे ते ठणठणीत होते. बाजारच्या दिवशी मला गाठून चारचौघांना सांगत, "ह्यांनी आधी गोळ्या पचवल्या, म्हनून म्या खाल्ल्या. दिसायला काडी हाय, पर वाघ हाय गुरुजी."

लोक नमस्कार करीत. मी टोपी सारखी करून तो स्वीकारीत असे. डॉक्टर गेले, आबाही गेले. दोघांनाही मी काही सांगितले नाही. भीती होती? प्रारंभी असेल. नंतर नव्हती — वाघ म्हणवून घेणे मला आवडत असे. आजही आवडते.