काकीचा उजवा हात

बोलायच्या आधी तिचा हात उठायचा. हातात झारा असेल तर झारा, चाळण असेल तर चाळण. "डोळं फोडीन!" म्हणायची आणि मग समोरच्याचं काय चुकलं ते सांगायची. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. एरवी लांबूनच भीती वाटते, पण घरात काही झालं की आधी त्याच्याच दारात जावं लागतं.

कळंब्याच्या रस्त्याला तिचा चटणी कुटायचा डंक होता. मोटारीवर चार लोखंडी मुसळं वरखाली व्हायची, खाली मिरची कुटली जायची. मी तिथं मिरच्यांची देठं खुडायचे. फारशी बोलत नाही म्हणून काकी मला 'मुके' अशीच हाक मारायची.

एकदा नवऱ्यानं दारू पिऊन तिचे केस धरले, तर तिनं त्याचं तोंड मिरचीच्या पोत्यात दाबलं. तो बिद्रीला बहिणीकडं गेला तो गेलाच. "रडत न्हाय गेला, शिंकत गेला," ती सांगायची आणि आम्ही बायका हसून लोळायचो. पण माझ्या सासऱ्यानं मला मारलं, तेव्हा हीच बाई मुसळ घेऊन आमच्या दारात तासभर उभी होती.

तिचा एक नियम होता. चटणीचा हात धुतल्याशिवाय कुणाला शिवायचं नाही. आधी तेल, मग साबण, मग ताक.

तिची लेक अश्विनी पदवीधर झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी पुण्यातल्या एका बड्या कॉलेजात तिचा नंबर लागला. फी ऐकून मी देठाऐवजी मिरचीच मोडली. काकीनं मात्र डंक विकायचं ठरवलं. चटणी पोचवायला ती एकदा त्या कॉलेजात गेली होती. "तिथली पोरगी आली की वॉचमन उठून उभा ऱ्हातोय, मुके. माझ्यासमोर जल्मात कोण उठलंय?"

अश्विनीला इथलं विद्यापीठ हवं होतं. "अभ्यास तोच आहे, फी झेपण्यासारखी आहे. आणि डंक गेल्यावर तू काय करणार आई? दुसऱ्याच्या दारात देठं खुडणार?"

"खुडीन की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

रोज असंच. ताटं भिंतीवर आपटायची. शेवटी अश्विनीनं गुपचूप विद्यापीठात नाव घातलं. ते तिनं फक्त मला सांगितलं. मी काकीला बोलले नाही, ते माझं चुकलंच.

डंक बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा काकी परातीत चटणी कालवत होती. अश्विनी त्या माणसाला म्हणाली, "काका, डंक विकायचा नाही. मी इथंच प्रवेश घेतलाय."

काकी उठली आणि चटणीनं भरलेला हात तसाच पोरीच्या तोंडावर मारला.

अश्विनी डोळा दाबून जमिनीवर लोळायला लागली. गिऱ्हाईक चपला सोडून पळालं. मी ताक ओतत होते आणि ते लाल होऊन फरशीवर सांडत होतं. काकी नुसती आपल्या हाताकडं बघत होती. मग ती चालत गेली आणि तो हात वरखाली होणाऱ्या मुसळाखाली धरला.

कुणी सांगितल्याशिवाय मी कधी काही केलेलं नाही. त्या दिवशी बटण मी बंद केलं. तोवर दोन बोटं गेली होती.

डोळा वाचला. अश्विनी मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली आणि आईचा फोन घेईना. काकीनं डंकाची किल्ली माझ्या हातात दिली. ती कुरुंदवाडला भावाकडं कायमची निघाली होती. जायच्या दिवशी म्हणाली, "मुके, ते विद्यापीठ तरी दाव की मला."

मी चौथी शिकलेली, मीही तिथं पहिल्यांदाच गेले. विचारत विचारत वर्ग सापडला. तास सुटून अश्विनी बाहेर आली, तशी काकी माझ्यामागं लपली. माझ्या दुप्पट अंग, ते कसं मावणार? "म्हण, एकटीच आलीया," ती मागून कुजबुजली.

"एकटीच आले," मी म्हणाले.

अश्विनीनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. तिच्या डोळ्याखाली अजून डाग होता.

"बरं," ती म्हणाली. "मावशी, आईला सांग, इथं चांगलं शिकवतात."

आणि ती पुढच्या तासाला गेली. काकीनं उरलेल्या तीन बोटांनी माझा दंड करकचून धरला होता. कुरुंदवाडची एसटी गेल्यावरही चार दिवस तिथं वळ होते.