बॅरीची रजा

"आई, बाबा गेले," एवढंच मंदार हॉस्पिटलमधून फोनवर म्हणाला. मी इथे न्यूझीलंडमध्ये, त्याच्या जॉन्सनव्हिलच्या घरी, किचनमध्ये यांच्यासाठी मऊ भात डब्यात भरत होते. महिना होऊन गेला... भेटायला आलेले म्हणतात, काका किती शांत होते. होते खरे. शांत राहणं त्यांना फार सोयीचं पडलं.

हे बोटीवर इंजिनीअर. निवृत्तीनंतर आम्ही मुलाकडे न्यूझीलंडला आलो, तरी जाता-येता फ्रिजला, वॉशिंग मशीनला उलटा हात लावून बघायचे, कुठे तापलंय का. "बाबा, फ्रिज स्वीट ॲज आहे," मंदार इथल्या बोलीत चिडवायचा, म्हणजे एकदम ठणठणीत.

गेल्या वर्षी हट्टाने आम्हाला वेल्समध्ये बॅरीला घेऊन गेले. त्या गावाचं नाव मी कधीच विसरले नव्हते. माझ्या पहिल्या बाळंतपणाला हे पुण्याला यायचे होते, पण बोट बॅरीच्या गोदीत दुरुस्तीला लागली आणि रजा नाही मिळाली, असं यांनी कळवलं. मुलगी झाली. बारशाआधीच तापाने गेली. त्या कंपनीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या.

एके काळी जगभर कोळसा पाठवणारं बंदर ते. आता धक्क्यावर फ्लॅट आणि कॉफीची दुकानं. हे मात्र खुलले होते. गोदीच्या काठावर मंदारला सांगू लागले, "इथेच होतो बघ. चीफ म्हणाला, बायको अडलीये, तू घरी जा, मी बघतो. म्हटलं, इंजिन उघडं टाकून मी जात नसतो." केवढा तो अभिमान... मी शेजारी उभी आहे, हे विसरलेच.

"म्हणजे रजा मिळत होती?" मी विचारलं.

यांनी बोटी बांधायच्या लोखंडी खुंटावर हात ठेवला, उलटाच. "हं," म्हणाले. मग, "वारा फार आहे, चला."

त्यानंतर मी वाट पाहिली. माफी नको होती मला. त्या पोरीचा विषय एकदा यांच्या तोंडून निघायला हवा होता. आजारपणात मी यांचं सगळं केलं, उशाशी बसले, पण नाहीच. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

परवा फ्रिजपाशी माझाही हात नकळत उलटा गेला. यंत्र जरा तापलं तरी यांना कळायचं. ती पोर फणफणली होती, तेव्हा तिच्या कपाळावर माझा एकटीचाच हात होता.