मुकी पेटी

सकाळी धुकं असं दाट होतं की दादाला कोपऱ्यावरचं दुकान दिसेना. ठिपकीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला धुकं कळलं ते बोटांत. बोटं गारठली की ब्रेलचे ठिपके सांडलेल्या वाळूसारखे लागतात, अक्षराला अक्षर लागत नाही. म्हणून ती गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून चुलीपाशी बसली होती.

"पाणी प्यायला असतं, शेकायला नाही," वहिनी म्हणाली, आणि तो गार झाल्यावर दुसरा भरून दिला.

"आज तिसरा प्रयोग आहे, वहिनी."

"माहीत आहे. तुझा भाऊ रात्रभर कूस बदलत होता. परीक्षा तुझी, जागरण माझं."

दादा नाटक कंपनीत कपडे शिवायचा. त्याची ही धाकटी बहीण जन्मापासून आंधळी. सोळा वर्षं तिनं कंपनीच्या तिकिटांचे फोन घेतले होते. तिच्या मांडीवर कायम एक यंत्र असायचं, जाडजूड पुस्तकाएवढं. वर सहा ठिपक्यांच्या सहा कळा, खाली बत्तीस अक्षरांची एकच ओळ. त्या ओळीत बारीक टाचण्या वर यायच्या, खाली जायच्या, आणि तिची बोटं त्यांच्यावरून वाचत पुढं सरकायची. आसनांचे क्रमांक, गिऱ्हाइकांचे फोन, कोण मागच्या वेळी तिकिटं राखायला सांगून आलाच नाही, सगळं त्यात. कितीही कळा दाबा, सूर काही निघत नाही, म्हणून कंपनी त्या यंत्राला मुकी पेटी म्हणायची. आणि पेटीवालीला ठिपकी.

दोन महिन्यांमागं म्हाताऱ्या प्रॉम्प्टरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "मी करू का ते काम?" असं ठिपकीनं विचारलं, तेव्हा दिसत नाही म्हणून एक गेला आणि दुसरी आली, या विनोदावर कंपनी आठवडाभर जगली. दिग्दर्शक मात्र हसला नाही. त्याचं एक दुखणं होतं. दुसऱ्या अंकात चार मिनिटं रंगमंचावर काळोख, त्यात बुडालेल्या बोटीचा नावाडी एकटा बोलतो. प्रॉम्प्टरच्या दिव्याची तिरीप नेमकी तेव्हाच विंगेतून बाहेर सांडायची, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटायचं, चंद्र उगवला. ठिपकीला दिवा नको होता.

"तीन प्रयोग बघू," तो म्हणाला होता.

दोन झाले. दोन्हींत कुणी एक शब्दही विसरलं नाही. म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही; कोरड्या नदीत पोहणाऱ्याला कोण पट्टीचा म्हणणार? आणि तिकिटांचा फोन उन्हाळ्यानंतर बंद होणार होता. हे काम मिळालं नाही, तर बत्तिसाव्या वर्षी तिनं घरी बसून वहिनीचे पेले गार करायचे.

सकाळच्या तालमीत दिग्दर्शकानं कात्री काढली. नावाड्याच्या काळोखातल्या भाषणातलं एक वाक्य त्यानं उडवलं. "रडगाणं आहे," म्हणाला.

नावाड्याचं काम करणाऱ्या नटाला सगळे थोरले म्हणत. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र अजून घुमणारा. ते चिडले. "पंचवीस वर्षं बोलतोय मी ते. जिभेला सवय आहे त्याची."

"जिभेला सांगा, रजेवर जा म्हणून."

ठिपकीनं ते वाक्य पेटीतल्या भाषणातून काढलं आणि पुसून न टाकता पार शेवटी, नाटक संपतं तिथं, एकटं नेऊन ठेवलं. कापलेलं सगळं ती तिथंच ठेवायची.

दुपारचा प्रयोग. धुकं विरलं होतं पण विंगेत गारवा मुरलेला. ठिपकी लाकडी खोक्यावर बसली, पेटी मांडीवर. एक हात वाचायचा, दुसरा काखेत शेकत बसायचा; दोन पानं झाली की पाळी बदलायची. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्यात काळोख झाला, ते तिला प्रेक्षकांच्या श्वासावरून कळलं. माणसांना दिसेनासं झालं की ती हळू श्वास घेतात.

थोरले बोलायला लागले. "त्या रात्री पाणी काळं होतं. दोर माझ्या हातात होता."

तिच्या बोटाखाली पुढचं वाक्य होतं, दोर ओला होता, जुना होता, तो तुटला.

"दोर ओला नव्हता," थोरले म्हणाले. "जुना नव्हता."

ठिपकीला लगेच कळलं. हे तिसऱ्या अंकातलं. दोन्ही भाषणं त्याच दोन वाक्यांनी सुरू व्हायची आणि थोरले वळणावर चुकून पुढच्या गावाला निघाले होते. तिसऱ्या अंकात यापुढं नावाडी कबूल करतो की दोर मीच सोडला. ते आत्ता तोंडातून गेलं, तर नाटक इथंच मेलं. पुढचा तासभर लोक नुसते घरी जायला कोट घालत बसतील.

थोरल्यांनाही ते उमगलं असावं. ते थांबले. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

आता भाषणातलं खरं वाक्य सांगावं, तर दोर ओला नव्हता म्हणणारा माणूस लगेच ओला होता कसा म्हणेल? कुणीतरी खोकलं. ठिपकीचा काखेतला हात आपसूक बाहेर आला. दोन कळा एकदम दाबून तिनं नाटकाचा तळ गाठला, आणि ऊबदार बोटाखाली टाचण्या उठल्या. सकाळी कापलेलं वाक्य. दिग्दर्शक तिच्या पाठीमागं तीन पावलांवर उभा आहे, हे तिला त्याच्या बुटांच्या करकरीवरून माहीत होतं.

"असं मी स्वतःला," ती कुजबुजली. फक्त तीन शब्द.

"असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं," थोरले म्हणाले. जिभेची रजा संपली होती. आवाज असा फाटला की पुढच्या रांगेत एक बाई हुंदकली. "किती वेळा. पण दोर ओला होता. जुना होता. तो तुटला."

उजेड आला तेव्हा टाळ्या पडल्या. त्या जागेवर याआधी कधीच पडल्या नव्हत्या. विंगेतल्या फळ्या थरथरल्या, आणि ठिपकीनं ती थरथर खोक्यातून, पेटीतून, हाडांतून घेतली. तिला हसू आवरेना. तोंडावर पदर दाबून तिनं लगोलग पुढची ओळ लावली, कारण अंक अजून उरला होता.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक आला. "ताई, ते वाक्य मी सकाळी कापलं होतं."

"हो."

"मग ते तुमच्याजवळ कसं?"

"शिंप्याच्या घरची आहे मी. आमच्याकडे कापलेला तुकडा कुणी फेकत नाही."

तो मग म्हणाला, "परत घाला ते. जिथं होतं तिथं. आणि दौऱ्याच्या यादीत मी तुमचं नाव लिहितोय. प्रॉम्प्टर म्हणून."

"लिहा. मीही लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही विसरलात तर सांगता येईल."

थोरले रंग पुसत पुसत जवळ आले. "पोरी, मी विसरलो हे कुणाला कळलं का गं?"

"तुम्ही विसरलात? मला वाटलं अभिनय."

ते खो खो हसले, आणि बाहेर भेटेल त्याला सांगत सुटले की आजचा तो थांबा आपण मुद्दाम घेतला होता. ठिपकीनं त्यांना घेऊ दिला.

मागं कपड्यांच्या खोलीत दादा पाठ करून उभा होता. नाक ओढत होता आणि सर्दी झाली म्हणत होता.

"वहिनीला फोन केलास?"

"केला. म्हणाली, आता तरी मला झोपू द्या."

अकरा नटांचे मोजे टोपलीत एकत्र कालवले होते. ठिपकीनं पेटी बंद करून पिशवीत घातली, टोपली मांडीवर ओढली आणि विणीवरून बोट फिरवत जोड्या लावायला बसली.